मार्चचा बोनस

रॉचेस्टर, न्यूयॉर्क राज्य, मार्चचा दुसरा शनिवार.

दुपारी पायऱ्यांवरचा बर्फ काढत असताना शेजारचे आजोबा स्लाइडचा पिवळा डबा घेऊन आले. त्यातली एक स्लाइड त्यांनी मला आभाळाकडे धरून पाहायला लावली. नवी कोरी निळी मोटार, तिच्या टपावर हात ठेवून उभे असलेले तरुण आजोबा आणि पुठ्ठ्याच्या चौकटीवर छापलेला महिना, मार्च 1974. कोडॅकचा, म्हणजे कॅमेऱ्याची फिल्म बनवणाऱ्या इथल्या कंपनीचा, बोनस मार्चमध्येच हाती पडे. 1912 पासूनची ही प्रथा भागधारकांच्या लाभांशाशी बांधलेली होती, त्यामुळे कंपनीचे वर्ष चांगले गेले की गावातले मोटारविक्रेते आणि फर्निचरवालेही या महिन्याकडे डोळे लावून बसत. हे सांगून झाल्यावर त्यांनी सहज विचारले, "तुमची नोकरी पक्की आहे ना?" मी "हो" म्हणाले.

तो "हो" तेव्हापासून मला सलतो आहे. आज या शहरात सर्वांत जास्त माणसांना काम देते ती आमची युनिव्हर्सिटी आणि तिचे हॉस्पिटल, हे खरे. पण 1982 मध्ये एकट्या कोडॅकमध्ये इथली 60,000 माणसे होती आणि त्यांतल्या कोणालाही विचारले असते, तरी त्याने इतक्याच चटकन होकार दिला असता. त्याच वर्षीच्या जानेवारीत लालबागच्या आमच्या खोलीत आजीने आप्पांना विचारले होते, गिरण्यांचा संप किती दिवस चालेल? "महिन्याभरात भोंगा वाजेल," असे आप्पा म्हणाले होते. त्यांचा आवाजही असाच ठाम होता. साचेखात्यात ते पुन्हा कधी गेले नाहीत.

मी देश सोडला तो पक्क्या पगारासाठी. आप्पांच्या शेवटच्या दिवसांत मी इथे होते आणि... ते आज नको.

संध्याकाळी उगाचच लेक अव्हेन्यूवरून गाडी नेली. तिथल्या कोडॅक पार्कमधल्या, म्हणजे कंपनीच्या कारखान्याच्या आवारातल्या, काही इमारती 2007 मध्ये सुरुंग लावून पाडल्या. उरलेल्यांपैकी एकीत आता पास्त्याचे सॉस तयार होतात. डिजिटल कॅमेरा 1975 मध्ये कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन यांनी बनवला आणि तरीही कंपनी मागे पडली, ही गोष्ट लोक मूर्खपणाचा नमुना म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. ज्या फिल्मवर सगळ्या गावाची चूल पेटते, तिच्यावर आपल्याच हाताने पाणी ओतणे कोणाला जमले असते? माझ्या त्या "हो"मध्ये तरी दुसरे काय होते?

मात्र परतताना हॉस्पिटलचे दिवे दिसले आणि मन थोडे निवले. इथले वैद्यकीय महाविद्यालय 1920 च्या दशकात उभे राहिले, ते बऱ्याच अंशी कोडॅकचे संस्थापक जॉर्ज ईस्टमन यांच्या देणगीतून. म्हणजे मी पंधरा वर्षे ज्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासते आहे, तिच्या पायातही फिल्मचाच पैसा आहे. कंपनीने 2012 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तरी तो पैसा इथेच राहिला आणि त्यावर माझे घर चालले. आप्पांच्या गिरणीच्या जागेवर मॉल आहे, तिथे मात्र आमच्यापैकी कोणाला काम मिळाले नाही.

माझ्या पदाचे अनुदान दरवर्षी जूनमध्ये नव्याने मंजूर व्हावे लागते. उद्या सकाळी आजोबांना हे सरळ सांगेन. त्यांची स्लाइड माझ्याच कोटाच्या खिशात राहिली आहे, तीही परत करायची आहे.