जनरल मॅनेजरचा शोध: नावांच्या यादीआधी कॅलेंडर आणि करार पाहा

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आईस हॉकी लीगमधल्या एखाद्या संघाने जनरल मॅनेजरला, म्हणजे खेळाडूंची निवड आणि करार ठरवणाऱ्या माणसाला, निरोप दिला की तासाभरात चाहत्यांच्या याद्या तयार होतात. एक गट म्हणतो माजी खेळाडू आणा, दुसऱ्याला आकडेवारीवाला हवा असतो, तिसऱ्याला स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकलेला अनुभवी माणूस. या वादात रंगत असते, मीही तो आवडीने वाचतो. पण त्यात सगळं लक्ष माणसावर राहतं आणि त्याच्या हाती नेमकं काय सोपवलं जाणार आहे ते कुणी विचारत नाही. माझ्या मते शोध चांगला चाललाय की वाईट, हे तीन गोष्टींवरून कळतं: तो कधी संपतो, नव्या माणसाच्या पदरात कोणते करार पडतात आणि शेवटचा शब्द कोणाचा असतो.

आधी कॅलेंडर. साखळी सामने एप्रिलच्या मध्यात संपतात, ड्राफ्ट, म्हणजे नव्या तरुण खेळाडूंची क्रमाने निवड, जूनच्या शेवटी होतो आणि फ्री एजन्सी, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार, १ जुलैला उघडते. मधल्या दहा आठवड्यांत बायआउटची (पगाराचा काही भाग देऊन करार मोडण्याची) खिडकी उघडून बंद होते. रिस्ट्रिक्टेड फ्री एजंटना, म्हणजे करार संपला तरी ज्यांच्यावर संघाचा हक्क राहू शकतो अशा खेळाडूंना, क्वालिफाइंग ऑफर (तो हक्क टिकवणारा प्रस्ताव) द्यायची की नाही हेही तेव्हाच ठरतं, आणि ती दिली नाही तर खेळाडू फुकट हातचा जातो. ट्रेडसाठी, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीसाठी, सर्वाधिक फोनाफोनी ड्राफ्टच्या आधीच्या आठवड्यात होते. म्हणजे एप्रिलमध्ये जागा रिकामी झाली तर मेअखेर माणूस बसलेला हवा. जून उजाडला की रोजच्या विलंबाची किंमत मोजावी लागते.

सॅन होजे संघाचं २०२२चं उदाहरण घ्या. डग विल्सन ७ एप्रिलला पायउतार झाले आणि माइक ग्रिअर यांची नेमणूक ५ जुलैला झाली. त्या वर्षी ड्राफ्ट ७ जुलैला होता. मधले तीन महिने काळजीवाहू जो विल कारभार पाहत होते आणि मुख्य प्रशिक्षक बॉब बूगनर यांची उचलबांगडीही नव्या जनरल मॅनेजरच्या आधीच झाली. ग्रिअर यांची निवड ऐतिहासिक होती, लीगमधले ते पहिले कृष्णवर्णीय जनरल मॅनेजर. तरी हातात दोन दिवस असताना ड्राफ्टची यादी दुसऱ्याचीच राहणार, त्यात त्यांचा दोष नाही.

टोरांटोचा २०२३चा शोध याच्या अगदी उलट, बारा दिवसांत उरकला. १९ मेला काइल डुबस बाहेर आणि ३१ मेला ब्रॅड ट्रेलिव्हिंग आत. तरीही कॅलेंडरने गाठलंच. ट्रेलिव्हिंग यांचा कॅल्गरीबरोबरचा करार ३० जूनपर्यंत होता, त्यामुळे नॅशव्हिलच्या ड्राफ्टमध्ये त्यांना टोरांटोच्या टेबलावर बसता आलं नाही. दुसऱ्या संघाच्या नोकरीत किंवा करारात असलेला माणूस घ्यायचा तर त्या संघाची परवानगी लागते आणि परवानगीबरोबर अटीही येतात. बढती मिळत असेल तर संघ सहसा आडकाठी करत नाहीत. पण तोच हुद्दा दुसरीकडे मिळणार असेल तर परवानगी मिळेलच असं धरून चालू नये. आवडतं नाव यादीत टाकण्याआधी त्याचा करार कधी संपतो ते पाहून घ्यावं. अर्ध्याअधिक याद्या तिथेच गळतात.

टोरांटोला दुसरी घाई होती ती करारातल्या कलमांची. ऑस्टन मॅथ्यूज आणि मिच मार्नर या दोन मुख्य खेळाडूंचीही नो-मूव्हमेंट कलमं १ जुलै २०२३ला लागू होणार होती. त्या तारखेनंतर खेळाडूच्या संमतीशिवाय ट्रेड नाही. म्हणजे नव्या जनरल मॅनेजरकडे संघाच्या गाभ्यात हात घालायला जेमतेम महिना होता. मॅथ्यूजने त्याच ऑगस्टमध्ये करार वाढवला. मार्नर २०२५च्या उन्हाळ्यात व्हेगासला गेला आणि त्याच्या बदल्यात टोरांटोला मिळाला निकोलस रॉय. ‘शंभर गुणांचा खेळाडू एवढ्यावर कसा सोडला’ या वादाचं मूळ दोन वर्षांपूर्वीच्या त्या एका तारखेत आहे.

वेळापत्रक नीट सांभाळल्याचं उदाहरण म्हणून मी न्यू यॉर्क आयलंडर्स संघाचं २०२५ सांगेन. एप्रिलच्या उत्तरार्धात लू लामोरिएलो यांचा करार वाढवणार नसल्याचं जाहीर झालं आणि २३ मेला मॅथ्यू डार्श आले. ड्राफ्ट २७ जूनला. त्या दिवसापर्यंत डार्श यांनी नोआ डॉब्सन या खेळाडूचा निर्णयही लावला होता: त्याला माँट्रियलला देऊन ड्राफ्टमधला १६वा आणि १७वा पिक (निवडीचा हक्क) आणि एमिल हाइनेमन हा खेळाडू घेतला. पहिला पिक ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत आधीच मिळालेला होता, त्यावर मॅथ्यू शेफर आला. ट्रेड पटो न पटो, तो करायला लागणारे पाच आठवडे नव्या माणसाला मिळाले होते.

आता करार. इथे जरा थांबतो, कारण चाहत्यांच्या वादात सर्वात कमी बोललं जाणारं आणि संघाला सर्वात जास्त भोवणारं प्रकरण हेच. जाणाऱ्या जनरल मॅनेजरचा शेवटचा उन्हाळा धोक्याचा असतो. खुर्ची डळमळीत झाली की माणूस पुढच्या मोसमापुरतं पाहतो, आणि बिल फाडलं जातं पुढच्याच्या नावावर.

व्हँकूवरमध्ये हे स्वच्छ दिसतं. जुलै २०२१मध्ये जिम बेनिंग यांनी लुई एरिक्सन, जे बीगल आणि आंत्वान रुसेल यांचे करार अॅरिझोनाच्या गळ्यात घातले. तिघांचा मिळून कॅपवरचा, म्हणजे संघाच्या एकूण पगाराला लीगने घातलेल्या मर्यादेतला, बोजा १.२ कोटी डॉलर आणि प्रत्येकाचं एकच वर्ष उरलेलं. म्हणजे नुसतं वर्षभर थांबले असते तरी ती जागा आपोआप मोकळी झाली असती. थांबायचं नव्हतं म्हणून सोबत त्या ड्राफ्टचा नववा पिकही दिला, ज्यावर अॅरिझोनाने डिलन गेंथर घेतला. बदल्यात आले कॉनर गार्लंड आणि ऑलिव्हर एकमन-लार्सन. एकमन-लार्सनचा मूळ बोजा ८२.५ लाख. त्यातले १२ टक्के अॅरिझोनाने ठेवून घेतले, तरी व्हँकूवरकडे ७२.६ लाख आले आणि तेही सहा मोसमांसाठी. ५ डिसेंबर २०२१ला बेनिंग गेले. जिम रदरफोर्ड अध्यक्ष झाले, जानेवारीत पॅट्रिक ऑल्व्हीन जनरल मॅनेजर. जून २०२३मध्ये या नव्या जोडीने एकमन-लार्सनला बायआउट केलं.

बायआउटचं गणित असं: खेळाडू २६ वर्षांचा किंवा मोठा असेल तर उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश द्यायचे, आणि उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात. चार वर्षं उरली होती, म्हणून बोजा आठ वर्षं. कॅपवरचा आकडा सगळीकडे सारखा राहत नाही. पहिल्या वर्षी तो दीड लाखाच्याही आत होता, दुसऱ्या वर्षी साधारण २३.५ लाख, मग दोन वर्षं जवळपास ४७.७ लाख आणि शेवटची चार वर्षं २१ लाखांच्या थोडा वर, थेट २०३०-३१ पर्यंत. २०२१च्या उन्हाळ्यातली एक घाई, आणि तिचे हप्ते दहा वर्षं. ऑल्व्हीन यांच्या कामाचं मोजमाप करताना हा आकडा आधी वजा करायला हवा.

एडमंटनमध्ये याहून ढोबळ प्रकार झाला. २१ जानेवारी २०१९ला पीटर शिरेली यांनी गोलरक्षक मिको कोस्किनेनला तीन वर्षांसाठी वर्षाला ४५ लाखांचा करार दिला आणि दुसऱ्या दिवशी रात्री त्यांनाच घरी पाठवण्यात आलं. काढायचं हे वरच्या लोकांच्या मनात असेल, तर लांब पल्ल्याच्या करारांवर सही करण्याचा अधिकार त्याआधी गोठवायला नको का? शोध जाहीर होण्याआधीच्या दोन महिन्यांत कोणत्या सह्या झाल्या, हे चाहत्यांनी आधी तपासावं. मालकांचा कारभार किती शिस्तीचा आहे ते तिथे दिसतं.

कप जिंकल्यावर मिळणाऱ्या अंगठ्या मोजणाऱ्यांनाही शिरेली यांचं उदाहरण पुरेसं आहे. बॉस्टनबरोबर त्यांनी २०११चा कप जिंकला होता. एडमंटनला त्यांनी २९ जून २०१६ला टेलर हॉल देऊन अॅडम लार्सन घेतला, एकास एक. दोनच दिवसांनी बॉस्टनमधला आपला जुना खेळाडू मिलान लुचिच याला सात वर्षांचा ४.२ कोटींचा करार दिला. २०१८मध्ये हॉल न्यू जर्सीकडून लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आधीचं यश पाहताना ते कोणाच्या ड्राफ्टवर आणि कोणत्या करारांवर उभं होतं, हे पाहावं लागतं.

तिसरी गोष्ट अधिकाराची. पूर्वी जनरल मॅनेजर मालकाला थेट उत्तरदायी असे. आता बऱ्याच संघांत मध्ये अध्यक्ष किंवा हॉकी विभागाचा प्रमुख असतो. ही रचना मुळात वाईट नाही. माँट्रियलने नोव्हेंबर २०२१मध्ये मार्क बर्जेव्हॅन यांना काढलं तेव्हा आधी जेफ गॉर्टन यांना वर बसवलं आणि जानेवारी २०२२मध्ये केंट ह्यूज यांना जनरल मॅनेजर केलं. तिथे फ्रेंच येणं ही अट धरूनच चालतात, त्यामुळे उमेदवारांचा घोळका आधीच लहान. ह्यूज खेळाडूंचे एजंट होते, संघ चालवण्याचा अनुभव शून्य. गॉर्टन यांनी न्यू यॉर्क रेंजर्स चालवला होता. एकाची उणीव दुसऱ्याने भरली.

एजंट आणावा की नाही, या वादाचं उत्तरही इथेच आहे. पिअर लाक्रुआ एजंटचे थेट जनरल मॅनेजर झाले आणि कोलोरॅडोने त्यांच्या कारकिर्दीत १९९६ आणि २००१चे कप जिंकले. टँपा बेमध्ये मात्र एजंट राहिलेल्या ब्रायन लॉटन यांना दोन मोसमांत जावं लागलं. फ्लोरिडाचे बिल झिटोही मुळात एजंट, पण २०२०मध्ये ते आले तेव्हा कोलंबसमध्ये सहायक जनरल मॅनेजर म्हणून अनेक वर्षं काढून आले होते. २०२४ आणि २०२५चे कप सगळ्यांसमोर आहेत. आधीचा पेशा काय, यापेक्षा मधली शिकाऊ वर्षं कुठे गेली ते पाहा. आकडेवारीवाल्यांचंही तसंच. जॉन चायका अॅरिझोनात २६व्या वर्षी जनरल मॅनेजर झाले. ड्राफ्टमधल्या मुलांच्या चाचण्या नियमबाह्य घेतल्याबद्दल पुढे संघाने २०२०चा दुसऱ्या फेरीचा आणि २०२१चा पहिल्या फेरीचा पिक गमावला. कॅरोलिनाचे एरिक टल्स्की रसायनशास्त्रातले पीएचडी. त्याच संघात वर्षानुवर्षं एकेक पायरी चढत ते २०२४मध्ये खुर्चीवर आले.

अधिकाराची जागा रिकामी राहिली तर काय होतं, ते पुन्हा एडमंटननेच दाखवलं. २०२४च्या उन्हाळ्यात केन हॉलंड गेले आणि ड्राफ्ट व फ्री एजन्सी हॉकी विभागाचे प्रमुख जेफ जॅक्सन यांनी सांभाळली. १ जुलैच्या सुमारास जेफ स्किनर, व्हिक्टर आर्व्हिडसन, अॅडम हेन्रिक अशा सह्यांनी कॅप भरला. फिलिप ब्रोबर्ग आणि डिलन हॉलोवे हे दोन तरुण मात्र करारावाचून राहिले. स्टॅन बोमन २४ जुलैला आले. १३ ऑगस्टला सेंट लुइसने दोघांनाही एकदम ऑफर शीट, म्हणजे दुसऱ्या संघाच्या रिस्ट्रिक्टेड फ्री एजंटला थेट कराराचा प्रस्ताव, दिली. आकडे बेतून काढलेले: ब्रोबर्गला साधारण ४५.८ लाख, म्हणजे एडमंटनला भरपाईत फक्त दुसऱ्या फेरीचा पिक द्यावा लागेल त्या मर्यादेला टेकवून, आणि हॉलोवेला २२.९ लाख, म्हणजे तिसऱ्या फेरीच्या मर्यादेला. भरपाईचे पिक संघाचे स्वतःचेच असावे लागतात, म्हणून सेंट लुइसने आपला दुसऱ्या फेरीचा पिक आधी पिट्सबर्गकडून परत मिळवला. तेवढाच करार देऊन खेळाडू राखायला एडमंटनकडे सात दिवस होते आणि कॅपमध्ये जागा नव्हती. दोघेही गेले. बोमन यांच्यावर राग काढणाऱ्यांनी हा क्रम एकदा पुन्हा पाहावा.

यापुढच्या शोधांत एक गोष्ट बदलते आहे. २०२१-२२ पर्यंत कॅप ८.१५ कोटींवर अडकला होता, तेव्हा जागा मोकळी करून देणारा माणूस शहाणा ठरत होता. आता २०२५-२६साठी ९.५५ कोटी, पुढे १०.४ आणि मग ११.३५ कोटी, असे आकडे लीगने जाहीर केले आहेत. अडचणीतला संघ गाठून चांगला खेळाडू स्वस्तात उचलण्याच्या संधी कमी होणार. म्हणून मुलाखतीत मी ड्राफ्ट आणि खेळाडू घडवण्यावर जास्त वेळ घेईन: एएचएल या खालच्या लीगमधल्या आपल्या संघाचा प्रशिक्षक कोण ठरवणार, स्काउट (खेळाडू हेरणारे) किती आणि कुठे, तरुणाला पहिल्या करारानंतर लांबचा करार द्यायचा की दोन-तीन वर्षांचा.

नेमणुकीच्या दिवशी पत्रकार परिषदेत ‘संस्कृती’ आणि ‘विजयाची भूक’ यांवर भरपूर बोललं जातं, ते सोडून द्या. कराराची वर्षं किती, वर कोण आहे, मुख्य प्रशिक्षकाबद्दलचा निर्णय आधीच झालाय की नव्या माणसावर सोडलाय, एवढं ऐका. आणि महिनाभरात सहायक जनरल मॅनेजर व स्काउटिंगच्या प्रमुखाची नावं येतात का ते पाहा. हॉकी विभागातल्या बऱ्याच लोकांचे करार ३० जूनला संपतात. नवा माणूस आल्यावरही तिथे जुनीच मंडळी तशीच वाढवली गेली, तर निर्णय अजून जुन्याच खोलीत होत आहेत असं मी धरतो.