शेवटच्या घराचे पाणी

मी एका नगरपरिषदेत स्वच्छता निरीक्षक आहे. आषाढातल्या एका सोमवारी सकाळी आशाताईंचा फोन आला. एकाच गल्लीतील नऊ जणांना आदल्या रात्रीपासून उलट्या-जुलाब सुरू होते आणि त्यांतल्या दोन वर्षांच्या एका मुलीला ग्रामीण रुग्णालयात सलाइन लावावे लागले होते. आमच्या भागात 2012 मधील इचलकरंजीची काविळीची साथ अजून कोणी विसरलेले नाही, त्यामुळे एका गल्लीत नऊ रुग्ण म्हटल्यावर पहिला संशय पाण्यावरच जातो.

गल्लीत पोहोचलो तेव्हा नळ बंद होते, कारण त्या भागाला दिवसाआड पाणी मिळते. रविवारी येऊन गेलेले पाणी आता मंगळवारी पहाटे येणार होते. पिंपातल्या पाण्याची ओटी चाचणी (पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असला की पिवळा रंग येतो ती) घेतली तर कुठेच पिवळा रंग आला नाही, पण साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन तसाही उडून जात असल्याने त्यावरून काही ठरवता येत नव्हते. म्हणून आशाताई आणि मी घरोघर जाऊन कोण आजारी, कोणते पाणी प्यायले, बोअर आहे का, हे वहीत लिहून काढले. दुपारपर्यंत रुग्ण चौदा झाले आणि एक गोष्ट स्पष्ट दिसू लागली. गल्लीच्या वरच्या अंगाला एकच मुलगा आजारी होता, तोही दिवसभर खालच्या अंगाला आजीकडे राहणारा. बाकी सगळे रुग्ण मारुतीच्या पारापासून खालच्या घरांतले होते.

अगदी शेवटच्या घरातल्या आजींनी जे सांगितले ते माझ्या मनातून जात नाही. "साहेब, पहिलं पाणी वास मारतंय म्हणून पाणी सोडणाऱ्या पोराला मी तीनदा सांगितलं. पहिली बादली मी तुळशीला घालते, पण सगळ्यांना कुठं तेवढं पाणी पुरतंय?" त्या मुलाने ते कुठेही नोंदवले नव्हते, आणि खरे सांगायचे तर ते नोंदवण्यासाठी त्याला आम्ही वहीच दिलेली नव्हती.

त्या दिवशी पाणी शुद्ध करणाऱ्या मेडिक्लोरच्या बाटल्या आणि ओआरएस वाटले, पाणी उकळून पिण्याची दवंडी गाडीवरून दिली. मंगळवारी पहाटे पाचलाच मी, पाणीपुरवठ्याचा फिटर आणि मुकादम असे तिघे क्लोरोस्कोप, म्हणजे ओटी चाचणीचा संच, घेऊन गल्लीत उभे राहिलो. साडेपाचला पाणी सुटले. वरच्या पहिल्या घरी काचेच्या नळीत ओटीचे थेंब टाकताच पाणी लख्ख पिवळे झाले, म्हणजे टाकीवर टीसीएल (क्लोरीनची पावडर) व्यवस्थित पडत होते. पारापर्यंत रंग टिकला. पाराच्या पुढच्या तिसऱ्या घरी मात्र नळी पाण्यासारखीच राहिली, आणि आजींच्या नळाला आलेले पाणी तर आधीच गढूळ होते. शंभर पावलांत क्लोरीन नाहीसा होतो तो उगाच होत नाही; वाटेत घाण मिसळली की क्लोरीन तिच्यावरच खर्च होतो. प्रयोगशाळेसाठी निर्जंतुक बाटल्यांत नमुने घेऊन बर्फाच्या डब्यात ठेवले, पण अहवालाची वाट पाहत बसण्यासारखी ती वेळ नव्हती. गल्लीचा व्हॉल्व्ह लगेच बंद केला.

पाराला लागूनच एक जुने घर पाडून मोकळी पडलेली जागा आहे. तिच्यासमोरच्या गटारातला गाळ मुकादमाने फावड्याने ओढला तेव्हा तळाशी अर्ध्या इंचाचा जीआय पाइप उघडा पडला. त्याच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकलेली होती, तिच्याभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि साडीची चिंधी गुंडाळलेली होती, आणि ती चिंधी काळी पडून शेवाळली होती. घर पाडताना ठेकेदाराच्या माणसाने पाइप असा बुजवला होता. आमच्या दप्तरी त्या जोडणीपुढे 'बंद' अशी नोंद होती, पण जोडणी बंद करायची म्हणजे मुख्य वाहिनीवरचे फेरूल, म्हणजे घराची जोडणी जिथून निघते तो सांधा, बंद करायचे असते, आणि ते कोणी केलेलेच नव्हते.

पाणी चालू असताना त्या खुंटीच्या फटीतून ते बाहेर झिरपत असे, आणि पुरवठा थांबून वाहिनी रिकामी झाली की त्याच फटीतून गटाराचे पाणी आत ओढले जात असे. पुढच्या खेपेला नळ सुटताच लोक थेट नळालाच मोटारी लावतात, त्यामुळे ओढ आणखी वाढते. दिवसाआड पाणी असलेल्या प्रत्येक गावात हा धोका जमिनीखाली असतो, आणि पाणी आल्यावरची पहिली दहा मिनिटे सर्वांत वाईट असतात ती याचमुळे.

फिटरने दहा वाजेपर्यंत खड्डा खणून फेरूल बंद केले, तो पाइप कापून काढला, आणि जादा टीसीएल मारून वाहिनी धुऊन टाकली. रुग्ण एकूण एकवीसवर थांबले. ती लहान मुलगी शुक्रवारी घरी आली.

मला सर्वांत जास्त लागले ते नंतर, ओटीचे रजिस्टर चाळताना. गेल्या तीन महिन्यांत त्या गल्लीची प्रत्येक चाचणी चांगली होती, प्रत्येक पानावर माझी सही होती, आणि प्रत्येक नमुना टाकीजवळच्या वरच्या घरांतून, पाणी सुटून तासभर झाल्यावर घेतलेला होता. लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीनची अट कागदावर पुरी होत होती, आणि तिकडे आजी पहिली बादली तुळशीला घालत होत्या. रजिस्टरात आता मी 'शेवटचे घर' आणि 'पाणी सुटल्याची वेळ' असे दोन रकाने आखून घेतले आहेत. पाणी सोडणाऱ्या मुलाकडे तक्रारीची वही असते, आणि वासाची तक्रार आली की ती त्याच दिवशी माझ्या टेबलावर यावी असे मुख्याधिकाऱ्यांकडून लेखी करून घेतले आहे.

गुरुवारी पहाटे पुन्हा त्या गल्लीत गेलो होतो. आजींच्या नळाचे पहिलेच पाणी नळीत घेतले, थेंब टाकले, आणि रंग पिवळा आला. आजींनी नळी हातात घेऊन उजेडात धरून पाहिली, आणि पहिली बादली मात्र नेहमीप्रमाणे तुळशीलाच घातली.