आंबोलीच्या दरडीतली इंगळी

सावंतवाडी स्टेशनवर उतरून घाट चढलो तेव्हा धुकं दाटलं होतं. जूनचा तिसरा आठवडा. तीन रात्रींचा मुक्काम होता, तोही फक्त इंगळी बघायला. इंगळी म्हणजे आपला मोठा काळा विंचू, डेक्कनोमेट्रस वंशातला. जुन्या पुस्तकांत हेटेरोमेट्रस असं नाव सापडेल. २०२० साली या गटाची फेरमांडणी झाली. हा वंश भारतातलाच, पण त्याचे भाऊबंद श्रीलंकेपासून थेट आग्नेय आशियापर्यंत पसरलेत.

पहिली रात्र सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, दगडांच्या आजूबाजूला शोधण्यात गेली. हाती काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी गावातल्या वाटाड्या काकांनी सांगितलं, "दरडीत बघा, बीळ आडव्या चंद्रकोरीसारखं असतं." आणि तसंच निघालं. अतिनील टॉर्च लावताच बिळाच्या तोंडाशी दोन जाड चिमटे निळसर-हिरवे चमकले. थोड्या वेळाने ती पूर्ण बाहेर आली. सगळं अंग उजळलेलं, पाठ मात्र मळकट दिसत होती. साधा टॉर्च मंद करून बघितलं तर पाठीवर पांढरी पिल्लं दाटीवाटीने बसलेली! पहिली कात टाकेपर्यंत पिल्लं अशी चमकत नाहीत. ते दृश्य मी विसरणार नाही.

जायचं असेल तर चांदणी रात्र टाळा, विंचू कमी बाहेर पडतात. अतिनील प्रकाश एकाच विंचवावर फार वेळ धरू नका, त्याला त्रास होतो. सोबत साधा टॉर्च हवाच, कारण विषारी चापडा साप अतिनील प्रकाशात दिसणार नाही आणि आंबोलीत तो हाताच्या उंचीवर फांदीला असतो. गमबूट घाला. बिळात काडी घालू नका. स्थानिक वाटाड्या घ्या आणि राखीव जंगलात रात्री परवानगीशिवाय शिरू नका.

इंगळी डसली तर भरपूर ठणकतं, सूज येते, पण निरोगी माणसाच्या जिवावर सहसा बेतत नाही. तिची भिस्त चिमट्यांवर. खरी भीती आहे ती लहानशा लाल विंचवाची, बारीक चिमटे आणि जाड शेपटीवाल्या. कोकणात तो घराजवळही सापडतो. तो डसल्यावर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं असं काही दिसलं तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, तडक दवाखाना गाठा, मूल असेल तर लक्षणांचीही वाट बघू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून अशा कितीतरी रुग्णांना वाचवलंय.

वाईट याचं वाटतं, की आकाराला घाबरून लोक ठेचतात ती इंगळीच. आमच्या मुक्कामाजवळ एक तशी मेलेली दिसली. निघायच्या पहाटे पुन्हा त्या दरडीशी गेलो. ती आत होती, चिमटे तेवढे दिसत होते.