बाकावरची जागा

फुटबॉलचा सामना पाहताना चेंडू सोडून मैदानाकडेच्या बाकाकडे नजर वळवायची माझी खोड जुनी आहे. युक्रेनमधल्या डायनॅमो कीव्ह क्लबच्या सामन्यांच्या जुन्या चित्रफिती पाहिल्या की ती हमखास उफाळून येते, कारण तिथे त्यांचे प्रशिक्षक वालेरी लोबानोव्स्की बसलेले असतात: चेहरा ढिम्म, आणि अंग मात्र घड्याळाच्या लंबकासारखे पुढे-मागे डुलणारे. 1997 पासून त्यांचा सहायक होता ओलेक्सी मिखाइलिचेन्को, त्यांच्याच हाताखाली घडलेला मधल्या फळीतला उंचापुरा खेळाडू.

हा काही साधासुधा सहायक नव्हता. 1988 च्या युरो स्पर्धेत त्याने सोव्हिएत संघाकडून इंग्लंडविरुद्ध गोल केला होता, त्याच वर्षी सोलच्या ऑलिंपिकमध्ये इटलीविरुद्धच्या उपांत्य सामन्यातही केला, आणि सुवर्णपदक घेऊन तो परतला. पुढे 1990 ला डायनॅमो, 1991 ला इटलीतला सॅम्पदोरिया आणि 1992 ला स्कॉटलंडचा रेंजर्स, अशी लागोपाठ तीन वर्षांत तीन देशांची विजेतेपदे त्याच्या नावावर लागली. मधल्या फळीत खेळणाऱ्याला पुढच्यांचेही सांभाळावे लागते आणि मागच्यांचेही; प्रशिक्षकाच्या शेजारी बसायला याहून चांगली तालीम कोणती असेल?

7 मे 2002 रोजी झापोरिझ्झ्यातल्या सामन्यादरम्यान लोबानोव्स्की यांना बाकावरच पक्षाघाताचा झटका आला आणि 13 मे रोजी ते गेले. ती जागा मिखाइलिचेन्कोकडे आली. कर्त्या माणसामागे त्याच्या खुर्चीत बसणाऱ्याची काय अवस्था होते, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे: चूक झाली तर 'ते असते तर', आणि बरे झाले तर 'त्यांचीच घडी'. तशात डायनॅमोने 2003 आणि 2004 ची लीग जिंकली, हे मला त्याच्या गोलांहून मोठे वाटते. युक्रेनच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक म्हणून मात्र त्याचे नशीब फिरले; ऑक्टोबर 2009 मध्ये इंग्लंडला हरवणारा संघ पुढच्याच महिन्यात दोनेत्स्कमध्ये ग्रीसकडून एका गोलाने हरला आणि विश्वचषकाचे दार बंद झाले.

2019 मध्ये, छपन्नाव्या वर्षी, डायनॅमोने त्याला पुन्हा त्याच बाकावर बोलावले. जुलै 2020 मध्ये युक्रेनच्या चषकाचा अंतिम सामना व्होर्स्क्लाविरुद्ध पेनल्टींवर गेला आणि डायनॅमोने तो 8-7 असा जिंकला. एकामागून एक पेनल्टी घेतली जात असताना प्रशिक्षकाच्या हाती काहीच उरलेले नसते. तेव्हा तो डुलत होता की नाही, एवढेच मला पाहायचे आहे.