बेड सतराची अठरा मिनिटं

हॉस्पिटलातली नाईट संपवून मी पंचिंगला उभी होते, तेवढ्यात मेट्रन मॅडमचा फोन. "घरी जाऊ नकोस. साडेअकराला वर बोलावलंय." वर म्हणजे सहावा मजला, जिथे एसी असतो आणि कोणाच्या पायात स्लीपर नसते. रात्री आठ ते सकाळी आठ बारा तास उभी होते. चेंजिंग रूमच्या बाकावर आडवी झाले, पण झोप कसली येते!

कशासाठी बोलावलंय याचा अंदाज होता. दोन महिन्यांपूर्वी आमच्या फ्लोअरला नवी बेल सिस्टिम बसली. पेशंटने बटण दाबलं की स्टेशनवरच्या पॅनेलवर आणि खोलीच्या दारावर लाल दिवा लागतो, आणि बेडमागचं हिरवं बटण दाबलं की विझतो. मधला वेळ कॉम्प्युटरमध्ये साठतो. पहिल्याच महिन्यात सर्क्युलर आलं: चौथ्या मजल्याचा रात्रीचा सरासरी प्रतिसाद ४ मिनिटं ५० सेकंद, हे खपवून घेतलं जाणार नाही.

आमच्यात लगेच चर्चा सुरू झाली, हे सगळं पगार कापायला चाललंय. उगाच नव्हती ती शंका. सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून २०१६ मध्ये नेमलेल्या समितीने शिफारस केली होती, की शंभर ते दोनशे खाटांच्या खासगी हॉस्पिटलात नर्सचा पगार सरकारी नर्सपेक्षा फार तर दहा टक्के कमी असावा. त्याची झेरॉक्स कोणीतरी लॉकरच्या दाराला आतून चिकटवली होती. आमचं हॉस्पिटल दीडशे खाटांचं, आणि माझ्या जोडीच्या मुलीला हातात चौदा हजार मिळत. झेरॉक्स पिवळी पडली, पगार काही हलला नाही. अशा ठिकाणी नवं मशीन आपल्या भल्यासाठी आलंय असं कोणाला वाटणार?

वर ऑपरेशन्सचे सर होते, मेट्रन मॅडम होत्या आणि क्वालिटीची मुलगी होती. तिला आम्ही 'टॅबवाली' म्हणायचो. सतत टॅब घेऊन फिरायची, एनएबीएचच्या, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाच्या मान्यतेच्या, फायली काढायची, हात धुतलेत का ते मोजायची. सरांनी प्रिंटआउट पुढे सरकवला. पिवळ्या मार्करने रंगवलेली एक ओळ: बेड १७, बेल २:४०, बंद २:५८.

"अठरा मिनिटं, सिस्टर. सत्तरीतला माणूस. काय करत होतात?"

काय करत होते! डेंगीतून उठलेले आजोबा. लघवीला जायचं म्हणून बेल मारली आणि दम निघेना म्हणून स्वतःच पाय खाली सोडले. मी दारात पोचले तेव्हा ते रेलिंगला लोंबकळल्यासारखे उभे होते. सलाईनची सुई, व्हेनफ्लॉन, उपसून आलेलं, चादरीवर रक्त, पायजमा ओला. एका हाताने त्यांना धरलं, दुसऱ्याने कापूस दाबला आणि वॉर्डातल्या मदतनीस मावशींना हाक मारली. आडवं करून बीपी घेतला तर ८० वर ५०. पाय उंच केले, ड्यूटीवरच्या डॉक्टरांना, आरएमओंना, फोन. त्यांच्या शिरा सुतासारख्या. पहिला प्रिक फुकट गेला, दुसऱ्याला लाइन मिळाली. सलाईन जोरात सोडलं. मग पुसून काढलं, चादर बदलली. आजोबा सारखे म्हणत होते, "पोरी, लाज वाटते गं." त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं आणि निघताना हात लांब करून हिरवं बटण दाबलं. २:५८.

हे सगळं सांगायला गेले तर आवाजच फुटेना. रडू येईल असं वाटलं, आणि सहाव्या मजल्यावर रडायचं नाही हे नक्की होतं. नर्सिंग नोट्सची फाईल सोबत नेली होती, ती उघडून प्रिंटआउटच्या शेजारी ठेवली. माझ्याच अक्षरात होतं: २:४१, बीपी ८०/५०, आरएमओंना कळवले.

सर दोन्ही कागद बघत राहिले. टॅबवालीने विचारलं, "तुम्ही बेल बंद कधी करता?"

"निघताना."

"जाताच का नाही?"

"बटण बेडच्या डोक्यामागे आहे. पुढे लॉकर. आधी पेशंट धरू की भिंत? आणि दारावर दिवा लागलेला असला की जोडीच्या सिस्टरला कळतं, मी आत आहे."

ती उठली ती थेट चौथ्या मजल्यावर. सतराच्या लॉकरवरून वाकून तिने स्वतः बटण दाबून पाहिलं, तेव्हा तिची ओढणी सलाईन स्टँडला अडकली. आजोबा हसले. लिफ्टपाशी आल्यावर हळूच म्हणाली, "सिस्टर, हे आकडे मी तुमच्यासाठीच गोळा करत होते. रात्रीच्या तिसऱ्या नर्ससाठी."

अठ्ठावीस बेड, दोन नर्स. पुस्तकात पाच-सहा पेशंटमागे एक असते. मी म्हटलं, "मग आधी सांगायचं ना." ती म्हणाली, "मंजूर होण्याआधी कसं सांगणार? आणि सर्क्युलर मी लिहिलं नव्हतं."

त्या अठरा मिनिटांसाठी माझ्यावर काढलेली नोटीस मागे घेतली. माफी वगैरे कोणी मागितली नाही, अपेक्षाही नव्हती. आठ दिवसांनी आदेश आला: खोलीत शिरताक्षणी बटण दाबावे.

इथे माझं चुकलं. राग गेलेला नव्हता. आकडे हवेत ना, घ्या आकडे. सगळ्यांना मीच शिकवलं, बेल वाजली की आधी मावशींना पळवायचं, बटण दाबून टाकायचं, पेशंटकडे जमेल तसं जायचं. महिन्यात सरासरी ४० सेकंदांवर आली. सहाव्या मजल्यावरून पेढे आले. खोटं कशाला बोलू, खाल्ले आम्ही.

ऑक्टोबरमधली नाईट. बेड तेवीसला रक्त चढवत होते. पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळून हलायचं नाही, रिअॅक्शन आली तर बहुधा तेव्हाच येते. जोडीची मुलगी कॅज्युअल्टीतून आलेली अॅडमिशन घेत होती. टॅबवाली थेट बेडपाशीच आली. उशिरापर्यंत मीटिंग चालली होती म्हणे.

"तिसरी नर्स नामंजूर," ती म्हणाली. "सर म्हणाले, दोघींमध्ये ४० सेकंदांत बेल उचलली जाते, मग तिसरी कशाला? मी बीपीचे कागद दाखवले, स्टाफचं प्रमाण दाखवलं. ते ग्राफच बघत बसले."

मी पिशवीतून पडणारे थेंब मोजत होते. तो ग्राफ खाली कसा आला हे तिला सांगावं की नाही ते ठरत नव्हतं. तेवढ्यात बेड अकराची बेल वाजली. मावशी चपला फटफटवत गेल्या आणि दारावरचा दिवा विझला.

"बघा, गेलं कोणीतरी," ती म्हणाली.

"मावशी गेल्या. बटण दाबायला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मावशी परत आल्या. "पोटात लई दुखतंय म्हनतो."

"सांगा, आले."

"कधी जाणार?" टॅबवालीने विचारलं.

"ही पंधरा मिनिटं झाली की."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अजून सहा उरली होती.