‘वेंगो’ पण ‘व्येनी’ : इटालियन क्रियापदातली अक्षरे

‘वेनीरे’ म्हणजे येणे. वर्तमानकाळात त्याची रूपे वेंगो, व्येनी, व्येने, वेन्यामो, वेनीते, वेंगोनो अशी चालतात, आणि शिकणाऱ्याला ती अनियमित म्हणून पाठ करायला दिली जातात. मला हे पटत नाही, कारण धातूतला ‘ए’ कुठे टिकतो आणि कुठे त्याचा ‘ये’ होतो, हे अक्षरांची फोड केली की स्वच्छ दिसते.

लॅटिनमधला ऱ्हस्व ‘ए’ जेव्हा आघात असलेल्या आणि स्वराने संपणाऱ्या, म्हणजे मोकळ्या अक्षरात आला, तेव्हा तोस्काना प्रांताच्या बोलीत त्याचा ‘ये’ झाला, आणि आजची प्रमाण इटालियन याच बोलीवर उभी आहे. ‘व्ये-नी’ आणि ‘व्ये-ने’ यांतले पहिले अक्षर मोकळे आहे. ‘वेन्-गो’ आणि ‘वेन्-गो-नो’ यांत मात्र ते ‘न्’ने बंद होते, म्हणून मूळ स्वर तसाच राहतो, ‘वे-न्या-मो’ आणि ‘वे-नी-ते’ यांत आघातच पुढच्या अक्षरावर सरकतो, त्यामुळे बदलाला कारण उरत नाही. ‘तेनेरे’ (धरणे) हुबेहूब याच वाटेने जाते: तेंगो, त्येनी, तेन्यामो. ऱ्हस्व ‘ओ’चीही तीच गत, ‘म्वोरे’ म्हणजे तो मरतो, पण आम्ही मरतो हे ‘मोर्यामो’.

जोडाक्षराआधीचे अक्षर गुरू, हे वृत्ते शिकलेल्या मराठी माणसाच्या कानात असतेच, त्यामुळे बंद अक्षराचे वजन आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. इटालियनमध्ये त्याला जोड एवढीच, की शब्दाच्या शेवटी नसलेल्या मोकळ्या अक्षरावर आघात आला की स्वर लांबतो आणि बंद अक्षरात तो आखूड राहतो. लेखनात ओळ तोडताना ‘कापिस्को’ (मला समजते) हा शब्द ‘का-पि-स्को’ असा तोडतात. उच्चारात मात्र ‘पि’चा स्वर आखूडच ऐकू येतो, म्हणजे ‘स्’ने ते अक्षर बंद केलेले असते. इथे मी लेखनाच्या नियमापेक्षा कानावर अधिक विश्वास ठेवतो.

हा भेद नीट उच्चारला नाही तर काळ आणि अर्थही बदलतो. ‘का-दे’ म्हणजे पडतो, ‘काद्-दे’ म्हणजे पडला. ‘बे-वे’ म्हणजे पितो, ‘बेव्-वे’ म्हणजे प्यायला. ‘पार्लेरेमो’ हे ‘आम्ही बोलू’ असे निश्चित भविष्य सांगते, तर ‘पार्लेरेम्मो’ हे संकेतार्थी रूप त्याच बोलण्याला एखाद्या अटीवर सोपवते, आणि दोघांत फरक आहे तो फक्त एका ‘म्’चा.