मॅडम, आपण तिकडं दिसायलोत का?

२३ ऑगस्ट २०२३, बुधवार. चांद्रयान-३ उतरणार होतं त्या संध्याकाळी मी पोरांना साडेपाचला परत शाळेत बोलावलं होतं. बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातलं बालाघाटच्या डोंगरातलं छोटं गाव, जिल्हा परिषदेची दोन शिक्षकी शाळा, लोकवर्गणीतून घेतलेला प्रोजेक्टर आणि माझ्या फोनचं हॉटस्पॉट. पोरांसोबत आया आल्या, आज्या आल्या, पारावरचे चार म्हातारे पण येऊन बसले, वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. यूट्यूबवर इस्रोचं लाइव्ह लावलं, मधेच ते गोल चाक फिरायला लागायचं, सगळे गप्प व्हायचे, मग परत चालू. सहा वाजून चार मिनिटांच्या आसपास बाहेर पाराजवळच्या दुकानातून एकदम आरडाओरडा आणि टाळ्या ऐकू आल्या, तिथं डिशवर टीव्ही चालू होता. आमच्या भिंतीवर मात्र विक्रम अजून खालीच यायला लागलेलं! साधारण अर्ध्या मिनिटानं आमच्याकडं उतरलं, आणि मग आम्ही पण बाकावर उभं राहून ओरडलो. त्या एका वेळेला इस्रोच्या चॅनलवर ८० लाखांच्या वर लोक बघत होते, त्यात आमची शाळा एक.

दुसऱ्या दिवशी परिपाठात पहिला प्रश्न हाच आला की आपलं यान उशिरा का उतरलं. मी फळ्यावर चित्र काढून सांगितलं. लाइव्ह म्हणजे अगदी त्याच क्षणाचं नसतं, चित्राचे काही काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात आणि आपला फोन त्यातले थोडे आधी साठवून घेतो, मग रेंज जराशी गेली तरी साठवलेलं चालू राहतं, आणि त्या साठवण्यातच उशीर होतो. हे पोरांना लगेच कळालं, कारण आमच्याकडं घरोघर पाण्याचा हौद असतो, नळ रोज येत नाही म्हणून भरून ठेवायचा. पण चौथीतल्या एका पोराचा प्रश्न वेगळाच होता. "मॅडम, आपण तिकडं दिसायलोत का?" म्हणजे ते शास्त्रज्ञ टाळ्या वाजवत होते तेव्हा त्यांना आपण टाळ्या वाजवताना दिसलो का. मी म्हणलं नाही रे, आपल्याला ते दिसतात, त्यांना आपण नाही. त्याचं तोंड एवढंसं झालं, आणि मला ते फार लागलं.

कारण मी स्वतः लहानपणी टीव्हीवर बालचित्रवाणीचे कार्यक्रम बघितलेत. १९८४ ला पुण्यात सुरू झालेली ती संस्था, २०१७ ला बंद पडली, आमच्या पिढीतल्या खेड्यातल्या कितीतरी पोरांनी प्रयोगशाळा पहिल्यांदा बघितली ती तिच्यामुळंच, त्याबद्दल माझ्या मनात कायम आदर आहे. पण टीव्हीला प्रश्न विचारता येत नव्हता. त्याच्याही आधी १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून ६ राज्यांतल्या २४०० गावांत शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले होते, 'साइट' म्हणायचे त्याला. आपलं राज्य त्यात नव्हतं पण आपल्याला लागून असलेलं गुलबर्गा होतं. पुढं २००४ ला खास शिक्षणासाठी एज्युसॅट उपग्रह सोडला. इतकी वर्षं आपण खेड्यातल्या पोरांपर्यंत चित्र पोचवायलोत, आणि त्या पोराचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

तेव्हापासून मी ठरवलं की वर्गात स्क्रीन लावायची तर शक्यतो पलीकडून कुणीतरी आमच्या पोराला नावानं हाक मारणारं पाहिजे. नुसता व्हिडिओ दाखवायचा असला तर मी तो घरून डाउनलोड करून आणते, त्यासाठी डेटा जाळायची आणि चाक बघत बसायची काय गरज आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला ते सगळ्यांना माहीत आहे, दहा लाख डॉलरचं बक्षीस आणि त्यातलं अर्धं त्यांनी बाकीच्या नऊ जणांना वाटून टाकलं. त्यांनी पाठ्यपुस्तकात टाकलेल्या क्यूआर कोडबद्दल लोक जास्त बोलतात, मला मात्र त्यांच्या पोरांनी व्हिडिओ कॉलवर दुसऱ्या देशांतल्या पोरांशी गप्पा मारल्या ते जास्त भावलं. तेव्हा स्काइपवर एक खेळ चालायचा, दोन वर्ग एकमेकांसमोर येणार, शाळा कुठली ते सांगायचं नाही, फक्त हो किंवा नाही असं उत्तर येणारे प्रश्न विचारून ओळखायचं. स्काइप मे २०२५ ला बंद झालं पण खेळ कुठल्याही ॲपवर खेळता येतो. आम्ही तो रत्नागिरी जिल्ह्यातल्या समुद्राकाठच्या एका शाळेबरोबर खेळलो, तिथल्या बाई एका प्रशिक्षणात भेटल्या होत्या. आमच्या पोरांनी विचारलं तुमच्याकडं ऊस असतो का, नाही. कापूस, नाही. ज्वारी, नाही. मग एक पोरगी हळूच म्हणली, "मग हे खातेत काय?" आणि तिकडून सगळे एकदम ओरडले, मासे!

त्या बाईंनीच नंतर भरती-ओहोटीचं सुचवलं. पौर्णिमेचा दिवस निवडला, कारण पौर्णिमा-अमावास्येला भरती मोठी येते आणि ओहोटीला पाणी पण लांबवर मागं जातं. त्यांच्याकडं पौर्णिमेला दुपारच्या आत भरती असते, म्हणून पहिला कॉल सकाळी साडेअकराला, फक्त दहा मिनिटं. त्यांनी फोन दाखवला तर पाणी पार बांधापर्यंत आलेलं, एक काळा खडक होता त्याचा फक्त शेंडा दिसत होता. मग कॉल बंद. आमची खिचडी झाली, गणिताचा तास झाला, आणि पावणेपाचला परत कॉल. तोच बांध, तोच खडक, पण आता तो माणसापेक्षा उंच, खाली कोरडी वाळू आणि त्यावर त्यांची पोरं पळायलेली. आमचा वर्ग एकदम गप्प झाला. मग एकानं माइकजवळ तोंड नेऊन विचारलं, "पाणी कुठं गेलं?" तिकडचा एक मुलगा अगदी सहज बोलला, "येईल ना रात्री परत." आमच्याकडं गेलेलं पाणी परत येत नाही, पोरांना विहिरीचा तळ दिसायला लागला की पुढं टँकर एवढंच माहीत आहे. त्यांना ते उत्तर किती नवल वाटलं असेल.

बदल्यात आम्ही त्यांना शेतात नेलं, हुरड्याला आलेली ज्वारी दाखवली, आणि त्यांच्यातल्या एकीनं विचारलं ही पण भातासारखी चिखलात लावता का. आमची सगळी पोरं एकदम बोलायला लागली, ज्यानं कधी वर्गात तोंड उघडलं नाही तो पण सांगायला लागला, पाऊस गेल्यावर पेरायची, ओलीवर येते, दवावर येते. तो त्या दिवशी शिक्षक होता.

आता कुणाला करायचं असेल तर थोडं कामाचं सांगते. सगळ्यात आधी आवाज बघा, चित्र नंतर. चित्र अडकलं तर पोरं थांबतात पण आवाज तुटला की वर्ग हातातून जातो. कॉलमध्ये यूट्यूबसारखं साठवून ठेवता येत नाही, साठवलं तर बोलणं उशिरा पोचणार आणि दोघं एकदमच बोलणार, म्हणून रेंज कमी झाली की तुकडे सरळ गळून जातात. आवाजाला डेटा फार थोडा लागतो, चित्राला त्याच्या कितीतरी पट, त्यामुळं अडकायला लागलं की मी सरळ कॅमेरा बंद करून बोलत राहते. एका खोलीत एकच फोन चालू पाहिजे, दुसरा माइक चालू राहिला की घुमायला लागतं. प्रश्न आदल्या दिवशी पोरांकडून लिहून घ्यायचे आणि विचारणाऱ्यानं उठून पुढं यायचं, आपलं नाव सांगायचं. झूमची फुकटातली ४० मिनिटं आपल्या शाळेतल्या एका तासिकेला भरपूर होतात. आणि रेकॉर्डिंग करायचं नाही, स्टेटसला पोरांचे चेहरे टाकायचे नाहीत, हे माझं फार ठाम मत आहे. वीज नसेल तर फोन पुरतो, गेल्या वर्षी बिल थकलं म्हणून आमचं मीटर दोन महिने बंद होतं तेव्हा आम्ही एका फोनभोवती गोल करून बसायचो.

मला खरं लिहायचंय ते पुढचं. दसरा झाला की आमच्या गावातले कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोड्या, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेऊन सांगली-कोल्हापूरकडं, कर्नाटकात ऊस तोडायला जातात, आणि दरवर्षी काही पोरं पण जातात. हंगामी वसतिगृहासाठी आम्ही घरोघर फिरून सांगतो, काही राहतात, काहींच्या घरी सांभाळायला म्हातारं माणूस नसतं, लहान भावंडाला बघायला मोठी पोरगी लागते. गेल्या वर्षी चौथीतली एक अशीच गेली, हिशेबात माझ्या वर्गात पहिली. तिच्या वडलांना मी फोन केला की शनिवारी सकाळी अर्धा तास तिला बोलू द्या. टोळी नेणाऱ्या मुकादमाचा फोन कधीही येतो, ऊस भरायची गाडी कधी लागेल सांगता येत नाही, तरी त्या माणसानं दर शनिवारी फोन तिच्याकडं कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीवर, ठेवून फडात जायचं कबूल केलं. ही गोष्ट मी विसरणार नाही.

फोनवरची शाळा म्हणजे शाळा नव्हे, तिला इथं बाकावर बसलेलं मला पाहिजे, त्याला पर्याय नाही. पण ती पहिल्या शनिवारी दिसली, काखेत भाऊ, मागं उसाचं वाढं टाकलेलं कोपीचं छप्पर, आणि पहिलंच बोलली, "मॅडम, माझ्या जागेवर कोण बसतंय?" मी फोन फिरवून तिची रिकामी जागा दाखवली. पोरांनीच ठेवली होती ती.

चौथ्या का पाचव्या शनिवारी मी म्हणलं आज तू गणित घाल. तिनं घातलं. एका मोळीत १२ ऊस, एका बैलगाडीत १५० मोळ्या, तर गाडीत ऊस किती. सगळी पोरं पाट्यांवर वाकली, एकानं फळ्यावर १८०० लिहिलं आणि माझ्या हातातला फोन घेऊन तिला दाखवायला फळ्यापाशी नेला. तेवढ्यात रेंज गेली. तिचं चित्र तसंच थांबलं, तोंड अर्धं उघडं, काहीतरी सांगायलेली. दोनदा लावलं, लागलं नाही.

मी फळा पुसायला डस्टर उचललं तर पोरं म्हणली, राहू द्या मॅडम, तिनं अजून बरोबर म्हणलं नाही. पुढच्या शनिवारपर्यंत फळ्याच्या कोपऱ्यात ते १८०० तसंच होतं, बाकीचं सगळं आम्ही उरलेल्या जागेत लिहिलं.